माणसासकट सामान

आमच्या बारिओ गावच्या धावपट्टीवर सामानाबरोबर माणूसही तोलतात. विमान एकोणीस जणांचं, चहूकडे डोंगर. आत किती भार चढला हे वैमानिकाला नेमकं कळायला हवं. तोलायचं काम माझं. प्रवासी काट्यावर उभा राहतो, मी आकडा मोठ्याने सांगतो आणि पलीकडे बसलेला जोडीदार तो लिहून घेतो.

माझं हे मोठ्याने सांगणं सिना सुपांगला मुळीच आवडायचं नाही.

"पारान, डुक्कर विकायला काढल्यासारखा ओरडतोस काय रे?"

ती माझ्या आईची चुलत बहीण, म्हणजे माझी मावशी. आमच्यात पहिलं मूल झालं की आईबापांचं नावच बदलतं. सुपांग जन्मली त्या दिवसापासून मावशी सगळ्या गावाची सिना सुपांग, सुपांगची आई. जन्माचं नाव कुणी घेईनासं झालं. नवरा लवकर गेला. भाताची खाचरं आणि अननसाचा लहानसा मळा, यावर तिने लेकीला खाली मिरी शहरातल्या शाळेत शिकवलं, पुढे क्वालालंपूरला पाठवलं. तरुणपणी ती पाठीवर वेताची टोपली घेऊन, पट्टा कपाळाला लावून डोंगरापलीकडे मीठ आणायला जायची. "त्या टोपलीला कुणी किलो विचारले नाहीत," ती म्हणायची. "पाठ म्हणेल तेवढं."

त्यामुळे विमानाचे नियम तिला कधी पटले नाहीत. एकदा रांगेत तिच्यापुढे तागल गुरुजी होते. चांगले देहाने भरलेले. ते उतरले आणि ही काट्यावर चढली.

"गुरुजी माझ्या दुप्पट. त्यांना सामान दहा किलो आणि मलाही दहाच?"

"तिकीट तेच, मावशी, म्हणून दहाच. जागा उरली तर वरचं घेऊ, पण त्याचे पैसे पडतील."

"म्हणजे गुरुजींच्या पोटाचे पैसे मी भरायचे!"

रांग हसली. गुरुजीही हसले आणि पोटावरून हात फिरवून म्हणाले, "सिना सुपांग, हे सगळं तुझ्याच तांदळाचं आहे."

यंदा सुपांगला मुलगा झाला. बाळाच्या नावाचं जेवण क्वालालंपूरला, चर्चशेजारच्या सभागृहात ठरलं. त्याच दिवशी मावशीलाही आजी म्हणून नवं नाव मिळायचं होतं. पाहुण्यांना शहरातला विकतचा भात वाढायचा, हे तिला सहन होणारं नव्हतं. आपल्या खाचरातलाच तांदूळ न्यायचा. ती माझ्याकडे आली.

"मला नीट समजावून सांग. मिरीहून पुढच्या मोठ्या विमानात किती नेता येतं?"

"त्या स्वस्तातल्या तिकिटात हातात सात किलो. विमानाच्या पोटात काहीच नाही."

"एवढं मोठं विमान आणि पोटात काही नाही?"

"पोटातलं वेगळं विकत घ्यायचं. आधी घेतलं तर स्वस्त, ऐन वेळी खिडकीपाशी घेतलं तर महाग. सुपांगला सांग, आजच फोनवर वीस किलो घेऊन ठेव म्हणावं."

"मग वीस किलो तांदूळ."

"तिकडे वीस. पण इथून मिरीपर्यंत माझ्या विमानात दहाच."

ती बोटांवर मोजू लागली. "लहान विमान दहा फुकट देतं नि मोठं काहीच नाही. मग वीस विकत घ्यायचे, नि ते न्यायला पहिल्या विमानात जागा नाही. हे नियम केले कुणी? कधी ओझं वाहिलं होतं का त्यांनी?"

शेवटी असं ठरलं की दहा किलो ती बरोबर नेईल आणि उरलेला तांदूळ आधीच जंगलरस्त्याने, गाडीतून मिरीला जाईल. मिरीत तिचा पुतण्या गेरावत राहतो, तो उतरवून घेईल. हातातल्या पिशवीत तिच्या आजीची मण्यांची टोपी. जुने मणी, जड. अशी वस्तू पोटातल्या सामानात टाकायची नसते, हे मात्र मला सांगावं लागलं नाही.

निघायच्या दिवशी ती नेहमीसारखी बूट काढून काट्यावर चढली. मी आकडा बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. नाताळात मीच तिला तोललं होतं. त्यानंतर नऊ किलो गेले होते.

"आज आवाज बसला का तुझा?" म्हणत ती स्वतःच वाकून बघू लागली. "अगंबाई! नऊ किलो कमी? मग तेवढा तांदूळ आणखी चढव की. आता कुठली सबब सांगशील?"

"मावशी, जेवतेस ना?"

"दोघांचं जेवते."

"आणि पाणी?"

"पाण्याचं विचारू नकोस. घसा कोरडाच. रात्रभर आत-बाहेर चालू असतं. वय झालं रे."

काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः चढून बघितलं. काटा ठीक होता. माझे वडील असेच वाळत गेले होते. साखरेचा आजार कळला तोवर पाय काळा पडला होता. मागे रांग उभी होती, विमानाचा पंखा फिरायला लागला होता. तिला अडवलं असतं तर ती माझ्याशी भांडत बसली असती, आणि इस्पितळ तर मिरीतच. मी तिला जाऊ दिलं आणि लगेच सुपांगला फोन लावला.

सुपांग म्हणाली, "दादा, फोनवर तिचा चेहरा मला बारीक वाटत होता. मी विचारलं तर म्हणाली, तुझा फोनच लहान आहे."

सुपांगने कळवलं आणि मिरीत गेरावत मावशीला विमानतळावरून थेट दवाखान्यात घेऊन गेला. दोन विमानांच्या मध्ये वेळ होता, पण तिने वाटभर त्याचं डोकं खाल्लं. "विमान चुकलं तर तू देणार का भरून?" दवाखान्यात बोटाला सुई टोचली तर साखर इतकी चढलेली, की यंत्राला आकडाच दाखवता येईना. डॉक्टरीणबाईंनी तिथेच दाखल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून पोचलो. हाताला नळी लावून मावशी पडली होती. मला बघताच म्हणाली, "मी अडकले ते अडकले. सामान तरी पुढे पाठवायचं होतं."

"माणूस चढला नाही तर त्याचं सामान चढवत नाहीत, मावशी."

"तांदळाला कुठे साखर झाली होती?"

आणि मग ती रडली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. "लेकीचं पहिलं पोर," ती म्हणाली, "आणि त्याच्या नावाला मी नाही."

मी फोन लावून तिच्या कानाशी धरला. सुपांगचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तू नाहीस तर नाव कसलं? पुढच्या महिन्यात करू. माझ्या सासरच्यांनी होकार दिलाय. तू औषध घे आणि गप पडून राहा."

"पाहुण्यांना काय सांगशील?"

"सांगेन, आजी अजून काट्यावर आहे."

मावशी चादरीत तोंड लपवून हसली.

ती पंधरवडाभर मिरीत राहिली. साखरेच्या औषधाची सुई स्वतःच पोटाला टोचायला शिकली. नव्या तारखेच्या तिकिटावर वीस किलो तसेच राहिले होते. मीही बरोबर निघालो. आदल्या संध्याकाळी गेरावतच्या घरी तिने बांधाबांध केली आणि औषधाच्या बाटल्या तांदळाच्या खोक्यात खुपसल्या.

"त्या हातात ठेव," मी म्हणालो. "विमानाच्या पोटात थंडी असते, औषध गारठून वाया जाईल. खोकं हरवलं तर आणखी पंचाईत."

"मग हातातलं सात किलोच्या वर जाईल. टोपी आहे, बाळाचं पांघरूण आहे, अननस आहेत."

"अननस कुणी सांगितले हातात न्यायला?"

"ठेचले गेले असते."

बाटल्या, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत वर ठेवली. अननस खोक्यात गेले. तरी पिशवी थोडी जडच होती. मावशी विचार करत बसली.

"तिथे माणसाला तोलतात का?"

"नाही. पिशवीच तोलतात."

"म्हणजे अंगावर असेल ते माफ?"

दुसऱ्या दिवशी मिरीच्या विमानतळावर ती साधा झगा, रबरी चपला आणि डोक्यावर आजीची मण्यांची टोपी अशी खिडकीपाशी उभी राहिली. पिशवी सातच्या आत भरली. खिडकीतली मुलगी टोपीकडे बघून म्हणाली, "आंटी, किती सुंदर! लग्नाला निघालात?"

"नाही गं. नवं नाव घ्यायला." तपासणीच्या दारापाशी टोपी काढावी लागली, ती काढली, पलीकडे पुन्हा घातली. विमानात तशीच मान ताठ ठेवून झोपली.

जेवणाच्या दिवशी सभागृहात वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करून बाळाचं नाव सांगितलं, आणि मग मावशीचं: दो उलुन. चांगलं जगणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुपांगचे सासरे "दो उलुन, दो उलुन" म्हणून हाका मारत होते आणि ही शेजारणीशी बोलण्यात दंग. सुपांगने कोपराने ढोसलं, "आई, तुलाच बोलावतायत."

"मला? मग नीट हाक मारावी."

तेवढ्यात भाताचं पातेलं बाहेर आलं. तिने लांबूनच बघितलं. आचाऱ्याने आमच्या बारीक तांदळात शहरातल्या मापाने पाणी घातलं होतं, भात पार मऊ झाला होता. ती उठली, कुशीतलं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि डोक्यावरच्या टोपीसकट सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"दुसरं पातेलं चढवायच्या आधी थांब रे बाबा," आतून तिचा आवाज आला. "पाणी मी घालते."