खूण ज्याच्या त्याच्या अंगावर

आक्कांना याद्यांचा भारी राग. ऑफिसच्या भिंतीवरचा किल्ल्यांचा तक्ता उतरवून त्यांनी प्रत्येक किल्लीलाच चिठ्ठी बांधली होती. वर म्हणायच्या, "किल्ली बदलती, यादी बदलायची ऱ्हाती."

आमच्या नगरच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसातल्या त्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. मूळच्या कर्जतकडच्या. आई-वडील ऊसतोडीला जायचे. तळावर सगळ्या कोप्यांची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांची, भांडी एकत्र मिसळायची, पण आईनं नाव घातलेली कळशी बरोबर घरी यायची, हे त्या अभिमानानं सांगत.

शिर्डीच्या एका लॉजचा जावा भाषेत लिहिलेला बुकिंगचा प्रोग्राम आम्ही सांभाळत होतो. कोणत्या क्लासनं, म्हणजे प्रोग्रामच्या कोणत्या तुकड्यानं, कोणतं काम करायचं, ते एका लांबलचक एक्सएमएल फाईलमध्ये वेगळं लिहिलेलं. मी तीन महिन्यांची नवखी. एका क्लासचं नाव बदललं आणि फाईलमध्ये बदलायचं साफ विसरले. सकाळी शिर्डीत प्रोग्राम सुरूच होईना, काउंटरसमोर बॅगा घेऊन भाविक ताटकळले. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस.

आक्का उठल्या आणि मला घेऊन थेट केबिनमध्ये शिरल्या.

"साहेब, एकच गोष्ट दोन जागी लिहायला लावली, तर कुणीबी चुकनार. हिला काढून काय व्हनार? ती फाईल काढा."

साहेबांनी पंधरा दिवस दिले. जमलं नाही तर दोघींनी घरी बसायचं.

मग आम्ही भिडलो. प्रत्येक क्लासच्या डोक्यावर मी अ‍ॅनोटेशन लावायचे, म्हणजे @ चिन्ह टाकून त्याचं काम तिथंच लिहायचे, आणि आक्का फाईलमधली तेवढी ओळ चवीनं उडवायच्या. उत्साहाच्या भरात मी डेटाबेसचा, म्हणजे माहितीच्या साठ्याचा, नगरला एक आणि शिर्डीला दुसरा असलेला पत्ताही क्लासवर लिहायला निघाले, तर त्यांनी माझा हातच धरला. "जे गावोगाव बदलतं ते बाहेर ऱ्हाऊ दे. अंगावर फक्त अंगचं."

पंधराव्या दिवशी शिर्डीत प्रोग्राम एका झटक्यात सुरू झाला. साहेबांनी सोमवारचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात आक्का पुण्याच्या एका नव्या नोकरीवर गेल्या. तिथं हजर व्हायची त्यांची मूळ तारीख केव्हाच उलटली होती आणि माझ्यासाठी त्यांनी ती पुढं ढकलून घेतली होती, हे मला त्या गेल्यावर साहेबांकडून कळलं. मी रडतच फोन केला.

"त्यात काय," त्या म्हणाल्या, "तू एकटी केबिनमधी गेली असतीस व्हय?"

नसते गेले. आता नव्या कुणाच्या हातून प्रोग्राम बंद पडला, की त्याला सोबत घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये आधी मी शिरते.