आश्रमाची आत्या

चंदगडकडच्या तानाबाईला नवऱ्यानं कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर बसवलं, "पाणी आणतो" म्हणाला आणि घरातल्या दुसऱ्या बायकोकडं निघून गेला. ही १९९३ सालची गोष्ट. पोर झालं नाही, एवढाच तानाबाईचा गुन्हा. रडून रडून दमलेल्या त्या बाईला एका फळवालीनं मलकापूर रस्त्यावरच्या अक्कामहाराजांच्या आश्रमात पोचवलं.

अक्कामहाराज म्हणजे भगव्या लुगड्यातल्या, खणखणीत आवाजाच्या संन्यासिनी. कीर्तनात जे पदरात पडेल त्यावर टाकलेल्या बायका नि टाकलेली पोरं सांभाळायच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

"भाऊ ईल न्यायला," तानाबाई म्हणाली. "तवर ऱ्हाते."

पण भाऊ काही आला नाही. तानाबाई भाकऱ्या थापायची, धुणं धुवायची, पाळण्यापासून मात्र चार हात लांब राहायची. आणि एके दिवशी अक्कांनी फर्मान काढलं, "परवा नव्या पोरीचं बारसं. आत्या तू."

"अगं बया! मला नगा सांगू. सासू म्हनायची, वांझंची सावली पडती."

स्वयंपाकघरातून आश्रमातली जुनी बायडाबाई कडाडली, "हितं सगळ्याच टाकलेल्या. कुनाची सावली कुनावर पडायची ऱ्हायलीया गं?"

"पर आत्या म्हंजे बापाची भन."

"बाप कोन, कुनाला ठावं हाय?" अक्का म्हणाल्या. "मग त्याची भन तू न्हवंस, हे तरी कोन सांगनार?"

बारशाला तानाबाई पाळण्यावर वाकली. कानात सांगायचं नाव होतं गायत्री. तोंडातून निघालं सुगंधा! लग्नानंतर पहिल्याच वर्षी, होणाऱ्या लेकीसाठी मनात जपलेलं नाव. रिवाजाप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले आणि तानाबाई पाळण्याची दोरी धरून रडायला लागली.

"चुकलं, अक्का!"

"कानात गेलेलं नाव बाहेर काढता येतंय व्हय? सुगंधा तर सुगंधा. घुगऱ्या वाटा!"

त्यानंतर आश्रमातलं एकही बारसं तिच्याशिवाय झालं नाही. आणि मग, तीन-चार वर्षांनी, भाऊ उगवला.

"ताना, तुजी वैनी आजारी हाय. पोरं, गुरं, समदं पडलंय. चल घरी."

"पावणं," बायडाबाईनं विचारलं, "भन आठवली का मोलकरीण?"

तानाबाई म्हणाली, "हितं मी आत्या हाय, दादा."

"माज्या पोरांची बी आत्याच की."

"व्हय? मग बारशाला मला परड्यात का बसवलंतंस? नाव वैनीच्या भनीनं ठेवलं."

भावाचे डोळे भरून आले. शेवटी रक्ताचं नातं. तानाबाईनं अक्कांकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, "मन म्हनतंय तर जा. आत्यालाबी माहेर असतंय."

ती गेली. वहिनीची लुगडी धुतली, तिला भात भरवला, गुरं राखली. सात-आठ महिन्यांनी वहिनी हिंडू-फिरू लागली तशी भाऊ म्हणाला, "ऱ्हा की आता कायमची."

मान आडवी हलवून तानाबाईनं एसटी धरली. वाटेत एकच घोर. आपल्या जागी आता दुसरी कुणी उभी राहिली असेल तर?

आश्रमात शिरली तर बायडाबाईच्या काखेत गुटगुटीत पोरगा.

"ह्यो कोन? नाव काय?"

"बाळ."

"बाळ काय? चांगला बसाय लागलाय की!"

"आत्या कुटं हुती नाव ठेवायला?" आतून अक्का गरजल्या. "सगळ्यांनी सांगितलं, उरकून टाका. म्या म्हनलं, आमच्या पोरांची आत्या गावाला गेलीया."

तानाबाईनं पिशवी खाली टाकली नि पोराला छातीशी धरलं. पुढं पंधरा वर्षं, अगदी शेवटच्या दुखण्यात अक्कांचे पाय चेपतानाही, ती हेच सांगायची. "भाकरी कुनीबी दिली असती, अक्का. तुमी माजी वाट बगितलीसा."

"पाय चेप," अक्का म्हणायच्या. "लई बोलतीस."