बाबांची गवळण ऐकायला कट्ट्याला

पुण्याहून निघताना बायको म्हणाली, "भजनं मोबाइलवर ऐकता येतात की." येतात. पण मोबाइलवर आमच्या बाबांची गवळण नाही, आणि ती म्हणणारा आता एकच माणूस उरलाय: कट्टा गावाजवळच्या आमच्या वाडीतला माझा चुलतभाऊ, विलासबुवा. वाडीच्या सत्यनारायणाला त्याची डबलबारी (दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना) होती. मी रजा टाकली आणि एसटी पकडली.

घाट उतरून वैभववाडी आली, तशी हवा बदलली. कापलेल्या भाताचा वास खिडकीतून आला आणि शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. त्या आनंदात कणकवलीला बस बदलली, आणि पुढे असा डोळा लागला की कट्टा मागे गेला.

"खंय उतरूचा हा तुमका?" कंडक्टरने हलवून विचारलं. सांगितल्यावर तो पोटभर हसला. मी पिशवी घेऊन उन्हातून चालत माघारी आलो.

वहिनीने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं वाढलं. मी तुटून पडलो. विलासदादा मात्र दोन घास खाऊन पेटी पुसत बसला. समोरचा बुवा तरुण होता, सिनेमाच्या चालींवर गजर (शेवटी टाळ्यांच्या ठेक्यावर रंगणारं जलद भजन) म्हणणारा.

"दादा, बाबांची गवळण म्हण," मी म्हटलं.

"ती म्हटलंय तर अर्धो मांडव चाय पिऊक उठतलो," तो म्हणाला. "लोक उठले तर पुढल्या वर्साक पोरां ऑर्केस्ट्रा हाडतली. मगे माका कोण इचारतलो?"

चांगलं गायलं की लोक बसतात, असं मी त्याला ऐकवलं. तिकीट काढून गाणं ऐकणाऱ्याला असं बोलायला काय जातं! दादाने पेटी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "इतक्या लांबसून इलंस. म्हणतलंय."

संध्याकाळी मांडव भरला. दादाने गवळण धरली, तीच संथ चाल, तोच मध्ये घेतलेला श्वास. पेटीवर मान तिरकी करून बसलेले बाबा दिसायला लागले आणि माझे डोळे भरून आले. ते पुसून पाहतो तर मागच्या रांगा रिकाम्या. बायका मुलांना घेऊन खाजाच्या (गूळ-आल्याच्या पाकात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्यांच्या) दुकानाकडे निघाल्या होत्या. ऑर्केस्ट्रा आणू पाहणारी पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती.

दादालाही ते दिसत होतं. त्याने उरलेली कडवी गाळली, पखवाजवाल्याला खूण केली आणि सिनेमाच्या चालीवरचा गजर उचलला. मांडव टाळ्यांनी दणाणला. गेलेले लोक हातात खाजा घेऊन परत आले. पुढच्या वर्षीही दादाच, असं पोरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सगळे खूश होते. मी एकटा तोंड पाडून बसलो होतो, कारण गवळण अर्धीच राहिली होती.

सकाळी तो मला स्टॅंडवर सोडायला आला.

"राग इलो तुका?" त्याने विचारलं.

मी पिशवी उचलून बसकडे वळलो.

"काकान ती चाल खंयसून घेतल्यान, म्हायती आसा? हयच, कट्ट्याक, तंबूतल्या सिनेमात आयकून. देवाच्या गवळणीत सिनेमा हाडल्यान म्हणान म्हातारे खवळले. पण मांडवातसून कोण उठाक नाय."

बस सुटली. तो हात हलवत राहिला आणि मी खुळ्यासारखा बघत राहिलो. इतकी वर्षं जी चाल मी सोवळ्यात जपली, ती बाबांनी लोक बसावेत म्हणून उचलली होती. घाटात मला त्यांची फार आठवण आली. काल पेटीवर ते असते, तर मागची रांग हलताना त्यांनीही पाहिली असती, आणि ती गवळण त्यांनी माझ्यासाठीसुद्धा पुढे रेटली नसती.