मामींनी कुंकू लावलेली जाळी

भंडारा रोडला उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत दोन कपडे आणि जिवापाड जपलेली दोन पाकिटं होती. मी सर्जन, आणि पाकिटांत हर्निया झाला की पोटात शिवायच्या जाळ्या! साल शहाऐंशी, अशा जाळ्या तेव्हा पुण्यातही सहज मिळत नसत. माझ्या बहिणीचे सासरे, म्हणजे मामा, मोहाडीचे विणकर. त्यांचं आतडं दोनदा अडकून सुटलं होतं. पुन्हा अडकलं तर जिवावर बेतणार होतं, आणि मामा ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते.

एसटीने मोहाडी गाठली. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण इतकं वाढलं, की आधी मलाच टेबलावर घ्यावं लागलं असतं. जेवण होताच मामांनी 'कपडा' मागितला. निर्जंतुक पाकिटं आधी उघडायची नसतात, म्हणून मी नमुन्याचे तुकडे दिले. एक राठ, एकपदरी धाग्याचा. दुसरा मऊ, पिळाच्या धाग्याचा. पिळात जंतू दडतात, म्हणून माझा कल राठ जाळीकडे. मामांनी ती चिमटीत धरून नाक मुरडलं.

"हे त पोत्यावानी आहे. मऊच लावा, नाही त मी येत नाही."

विणकराशी कापडावरून कोण वाद घालणार? मऊ तर मऊ, माणूस टेबलावर तरी येईल.

सकाळी भंडाऱ्याला, माझ्या मित्राच्या दवाखान्यात निघायचं, तर देवापुढे मऊ जाळी उघडी पसरलेली आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकू! हे मामींचं काम. मी तडकलो, म्हटलं, जाळी वाया घालवलीत.

मामी हळूच म्हणाल्या, "कुकू न लावता कोरा कपडा कोनाच्या आंगावर टाकतेत, मालूम नाही का तुमाले?"

प्रेताच्या. माझा राग जागच्या जागी विरला. राठ जाळीचं बंद पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, वरून हवं तेवढं लावा. मामींनी कंजूषपणा केला नाही. मामा बघत होते. "पोतं त पोतं," असं पुटपुटत ते जीपमध्ये बसले.

ऑपरेशन छान झालं. घरी परतल्यावर, पुण्याच्या पाव्हण्याने पोटात पोतं शिवलं, अशी तक्रार मामा येईल त्याला हसत हसत सांगत होते.

मी निघालो तेव्हा मामी स्टँडवर आल्या. गाडी हलायच्या आधी त्यांनी विचारलं, "पाव्हने, ते कापड आता कोरं नाही नं राह्यलं?"

जाळीच्या भोकांतून मांस भरत जातं, मग ती अंगापासून वेगळी होत नाही, असं मी सांगितलं. मामींनी डोळ्यांना पदर लावला.

पुण्यात बायकोने प्रवास कसा झाला विचारलं. जेवण फार झालं, म्हटलं. इतकी ऑपरेशनं केली, पण नवरा जगणार ना, हे इतक्या आडून मला कोणी विचारलं नव्हतं. आणि नीट उत्तर दिल्याचं समाधानही इतकं कधी झालं नव्हतं.