पाच म्हणजे पाच

भिंगारच्या बाजारात चिनीमामाशी घासाघीस करून कोणी जिंकलं असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. कोपरगावपासून बेलापूरपर्यंत भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी घाम फोडलेला आहे. पण मामापुढे माझीही डाळ शिजली नाही. सायकलवर रेशमाचे तागे बांधून तो छावणीतल्या बंगल्यांवर फिरे. भाव एकदाच सांगे. गिऱ्हाईक भांडायला उठलं, की शांतपणे तागा गुंडाळी. "ऱ्हाऊ द्या बाई. तुमचं बी बरोबर, माजं बी बरोबर." वीस वर्षांत त्याची मराठी आमच्याइतकीच नगरी झाली होती.

मी त्याच्याकडून माल घेऊन गावोगाव विकत असे. प्रत्येक ताग्याला त्याच्या चिनी अक्षरातली चिठ्ठी असायची. काय लिहिलंय ते कळेना, म्हणजे मी आंधळाच. एक दिवस म्हणालो, "मामा, मला हे शिकव." त्याने कुंचला पाण्यात बुडवला आणि दारातल्या फरशीवर आपलं आडनाव लिहिलं. एक चौकोन, आत अधिकाची खूण. त्याचा अर्थ शेत.

मी लगेच चौकोन काढला, आत दोन रेघा ओढल्या. त्याने पायाने पुसून टाकलं.

"दिसतंय तर तसंच!" मी भडकलो.

"दिसतंय. पन लिवलेलं न्हाई. मानसं आत जायच्या आधी दार लावतोस व्हय?"

डावी भिंत, मग वरून वळून उजवी, मग आतल्या दोन रेघा आणि सगळ्यात शेवटी खालची. एकूण पाच. वळणाची रेघ एकच धरायची. मी सवयीने घासाघीस केली. "चारात भागव की! खालची नसली तरी कळतंय."

"पाच म्हंजे पाच."

आणि मला एकदम लख्ख दिसलं. मी बेलापूरला पाटाच्या पाण्यावर दारं धरून वाढलेला गडी. वाफ्याच्या बांधाला पाणी घ्यायला जे तोंड पाडतात, ते दारं. वाफा भरला की फावड्याने माती ओढून ते बुजवायचं. आधी बुजवलं तर वाफा कोरडा. नगरच्या कापडबाजारात मला "दारं धरणारा" म्हणून हिणवत, आणि इथे तीच विद्या उपयोगी पडत होती! मामाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "माज्या बापाला आवडशील तू." शाबास मात्र म्हणाला नाही.

दोन वर्षं त्या फरशीवर पाण्याने लिहिलं. उन्हाने पहिली रेघ वाळायच्या आत शेवटची यायला हवी, हा त्याचा नेम. हळूहळू माझ्या हाताला त्याच्या अक्षराचं वळण लागलं.

जपानशी चाललेली लढाई संपली आणि त्याच सुमारास मामाच्या उजव्या हातावरून वारं गेलं. चीनचं टपाल पुन्हा सुरू झालं होतं. गावी म्हातारा बाप होता, शाळामास्तर; त्यानेच मामाला लिहायला शिकवलेलं. कित्येक वर्षांत पत्र नाही. मी म्हणालो, "पुण्याच्या चिनी दातवाल्याकडून लिहून आणू."

"परक्याचं अक्षर दिसलं, तर बाप समजंल मी मेलो."

म्हणून मी बसलो. तो डाव्या बोटाने फरशीवर ओढून दाखवी, मी कागदावर उतरवी. एकेका अक्षरासाठी कागद फाडले जात. एकदा कुंचला भिरकावून मी उठलो, "दुसरा कोणी बघ!"

"दुसरा कुनी माज्या हातानं लिवत न्हाई," तो खाली बघत म्हणाला.

मी कुंचला शोधून आणला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. मामाने ते तीनदा वाचलं, डोळे पुसले.

"काय म्हणतात?"

"जिता हाईस, बरं वाटलं, म्हनतो. अक्षर सुधारलंय. पन शेवटची रेघ घाईत वढतोस."

बेलापूरच्या पाटावरच्या गड्याचं अक्षर एका चिनी मास्तराने पोराचं म्हणून ओळखलं! कापडबाजारातल्या एकाने तरी हे करून दाखवावं. एकच सल आहे. आयुष्यात एकदा शाबासकी मिळाली, तीही मामाच्या नावावर जमा झाली.

त्या पत्रानंतर मामा थांबला नाही. बापाला भेटायचं म्हणून सायकल विकून निघाला. नगर स्टेशनवर गाडी हलेपर्यंत मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो, आता तरी शाबास म्हणेल. तो म्हणाला, "रेघ घाईत वढू नको."

पुढे एकच पाकीट आलं. आत कोरा कागद आणि मधोमध ते शेताचं अक्षर, डाव्या हाताने काढलेलं, थरथरतं. डावी भिंत, वळून उजवी, आतल्या दोन रेघा. खालची नव्हती.

विसरणारा माणूस नव्हे तो. मोजून चार रेघा होत्या. दारं उघडं ठेवलं होतं.

घासाघिशीत त्याच्याकडून मी एक रेघ कमी करून घेतली. भिंगारात हे दुसऱ्या कोणाला जमलं असेल, तर पुढे यावं.