बहाराच्या दिवसात विहिरीवर नेलेल्या पोरी

पोरींच्या घरचे बहनजीले एकच विचारत, "मौसी सोबत आहे का?" मौसी म्हनजे मी. सौंसरच्या मुलींच्या शाळेत मी माठ भरत होती, झाडत होती, घंटा वाजवत होती. मौसी आहे म्हटलं का पोरी सुटत. मी नसली त बहनजीनं किती गोड बोललं तरी कोनी आपली पोरगी शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ देत नव्हतं.

हे ऐंशीच्या नंतरच्या सालातलं आहे. बहनजी विज्ञान शिकवे. जबलपूरकडची, बोलनं सारं हिंदीत, वयानं माह्या लहान बहिनीएवढी. तिच्या डोक्यात एकच भरलं होतं, का पोरींनी मशीन जवळून पाहिली पाहिजे, हात लावून पाहिली पाहिजे, मंग त्यातल्या एकदोन त इंजिनेर होतील. पहिले तिनं पोरीले आट्याच्या चक्कीवर नेलं. मंग कापसाच्या जिनावर, सरकी काढतात तिथं. मी मांगं मांगं, एका हातात पान्याचा डबा, दुसऱ्या हातात जिची चप्पल तुटली तिचं दप्तर. पोरी उन्हात टनाटन चालत. माहे पाय निघाच्या आधीच दुखून राहत, अंधारात उठून अर्धं काम झालं राहे माहं.

शेजारीन मले म्हने, "काहो बाई, इंजिनेर होऊन काय करतील ह्या पोरी? पोळ्या मशीनवर लाटतील का?"

मी म्हटलं, "लाटतील त बरंच आहे वं. माहे हात दुखतात."

माही पोरगी त्याच वर्गात होती, आठवीत. एकच लेकरू. तिचे बाबा जिनातच कामाले होते, कापसाची धूळ छातीत बसली अन् गेले. आमी जिनावर गेलो त्या दिवशी मी बाहेर सावलीत बसून राह्यली. पोरगी आत मशीनीपाशी उभी होती, बाकीच्या निघाल्या तरी निघेना. घरी येऊन म्हने, "आई, तो पट्टा एकच आहे, अन् साऱ्या मशीनी फिरवते." मले त्यात काय नवल ते समजलं नाही. बाबाची आठवन काढंन असं वाटलं होतं, तिनं पट्ट्याची काढली.

मंग बहनजीनं विहिरीवरची मोटर दाखवाचं ठरवलं.

शाळेचं काम सांभाळून मी बोरगावच्या रस्त्यावर एका संत्र्याच्या बगीच्यात जात होती. निंदाले, अन् फळं आली का तोडाले. शाळेच्या पगारात मीठ-मिरची निघे, बाकी सारं बगीच्यावर. त्या बगीच्याची विहीर खोल, दगडानं बांधलेली. आत पायऱ्या, अन् पान्याच्या थोडी वर एक फरशी, तिच्यावर मोटर. बहनजीनं मलेच म्हटलं, मौसी, मालकाले विचारा.

पन ते दिवस बहाराचे होते. थंडीत झाडाले पानी तोडतात, मंग सोडलं का पांढरं फूल येते, साऱ्या गावाले वास येते. त्या दिवसात बगीच्यात एक कायदा राहे. बाहेरची बाई आत पाय टाकत नव्हती. बाहेरची म्हनजे महिन्याची जिले आली ती. तिची सावली पडली का फूल गळते म्हनत. आमी मजूर बाया आपल्याच मनानं ते चार दिवस घरी राहत होतो, रोज बुडवून. कोनाले सांगा लागत नव्हतं.

मालक म्हने, "माही ना नाही. पन आईले काय सांगू? तू एकएकीले विचारून आन. जबाबदारी तुही."

मी म्हटलं, "हो जी."

पोरगी चार दिवसापासून मोटरीचंच घेऊन बसली होती. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडे, लोट्यात बुडवे, तोंडानं पानी ओढे, अन् विचार करत बसे. म्हने, "आई, मोटर पानी ओढते का ढकलते?" मी म्हटलं, "मले काय विचारतं? जे विचाराचं ते बहनजीले विचार, अन् लोटा रिकामा कर, पानी भरून आनाचं आहे."

अन् बरोबर जायच्या दिवशी सकाळी ती बाहेरची झाली.

कोपऱ्यात उभी राहून म्हने, "आई, मी येत नाही. तू बहनजीले सांग, ताप आला."

मी चूल सारवून राहिली होती. तिच्याकडं पाह्यलं. रडत नव्हती. माह्यासारखीच, तोंड बंद करून उभी. मी हात धुतले अन् म्हटलं, "चप्पल घाल."

"पन आई, ते बगीच्यात..."

"चप्पल घाल म्हटलं ना."

रस्त्यात एक कडूनिंब आहे. तिथं थांबून मले पोरीले विचाराचं होतं. पोरी पानी पिऊन राहिल्या होत्या, एकमेकीच्या अंगावर उडवून राहिल्या होत्या. मी विचार केला, एकीले बाजूले काढलं का साऱ्याईले समजते. ती खाली मान घालून घरी जाईन. पुढच्या खेपेले ती आपल्याच मनानं येनार नाही, तिचं पाहून दुसरी येनार नाही. बहनजीची मशीन मंग पोट्टेच पाहतील. मी डब्याचं झाकन लावलं अन् म्हटलं, "चला."

बगीच्याच्या फाटकात मालकाची म्हतारी आई खाट टाकून बसली होती. तिले आमी मोठ्या बाई म्हनत होतो.

"काहून वं, एवढ्या पोरी?"

"शाळेच्या आहेत जी."

"एवढ्यात एकही बाहेरची नाही?"

"माह्या जबाबदारीवर आहेत जी."

"मी ते नाही विचारलं. विचारलंस का त्याईले?"

"माह्या जबाबदारीवर आहेत, मोठ्या बाई."

बहनजीच्या तेव्हा ध्यानात आलं. तिचं तोंड लाल झालं, काहीतरी बोलनार होती. मी तिच्या पदराले धरून पुढं केलं. तिनं तिथं भांडन केलं असतं त पोरी फाटकातूनच परतल्या असत्या. म्हतारीनं माह्याकडं एकटक पाह्यलं, मंग पाय आवरून घेतले. आमी आत गेलो.

झाडाखाली पांढऱ्या फुलाचा सडा होता. थोडं फूल त पडतच असते. तरी मी पाय जपून टाकत होती.

लाईन नव्हती, मोटर बंद. पोरी विहिरीच्या काठावर बसून राहिल्या. एक म्हने, "बहनजी, विहिरीवर त आमी रोजच येतो पानी भराले, त्यात शिकाचं काय?" साऱ्या हासल्या, बहनजीही हासली. मंग बटनाच्या खोलीतून गडी ओरडला, "लाईन आली!"

बहनजी चारचार पोरी घेऊन पायऱ्या उतरली. आतले कबूतर फडफडत वर आले. मले म्हने, "मौसी, आप भी आइए." मी म्हटलं, गुडघे दुखतात. गुडघे दुखतच होते. पन त्या विहिरीच्या पायऱ्या मी कवा उतरलीच नव्हती. इतके साल तिथं काम केलं, आमच्या मोहल्ल्यातल्या बाया हौदातलंच पानी पीत. उतरू नको असं कोनी म्हटलं नव्हतं. आमी उतरतो असंही कोनी म्हटलं नव्हतं.

माही पोरगी उतरली. मी वरून वाकून पाह्यलं. गड्यानं बटन दाबलं, मोटर घुरघुरली, अन् पोरगीनं हात मोटरीच्या पाठीवर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. तिचा आवाज विहिरीत घुमत वर आला, "बहनजी, ओढते का ढकलते?"

बहनजी खालून जोरानं म्हने, "शाबाश! यही तो पूछना था!"

मंग तिनं काय सांगतलं ते मले समजलं नाही. पाइपातून हौदात पानी पडाले लागलं होतं, त्याचाच आवाज होता.

चैत्रात गळ झाली. बोराएवढं फळ झालं होतं, ते झाडाखाली पडाले लागलं. रोज सकाळी टोपलीनं उचला लागे. त्या साली ऊन लवकर तापलं होतं, शेजारच्या बगीच्यातही गळ होती, रामाकोना गावाकडंही होती. तिथं कोनी शाळेच्या पोरी नेल्या नव्हत्या. पन म्हतारीले एवढं पुरलं.

मालकानं मले झाडापाशी बोलावलं. माह्याकडं न पाहता झाडाकडं पाहून बोलला, "मले असलं पटत नाही, तुले माहीत आहे. पन आई जेवन सोडून बसली. जबाबदारी तुही होती."

मी म्हटलं, "हो जी, होती."

"मंग आता येऊ नको."

मी विळा तिथंच ठेवला, तो त्याईचाच होता. घरी आली.

त्याच्या नंतरचं सांगन्यासारखं काही नाही. तोडीच्या दिवसात पहाटेच्या छोट्या रेलगाडीनं रामाकोन्याले जाये, ठेकेदाराच्या टोळीत. दिवसभर हात वर करून फळ तोडाचं, खांद्यावर पेटी वाहाची, संध्याकाळी गाडीत उभं राहून परत. शाळेतले माठ पोरगी भरे, मंग वर्गात बसे. बाह्या ओल्या राहत तिच्या. एक दिवस म्हने, "आई, माह्यापायी झालं. मी शाळेत जात नाही आता."

मी म्हटलं, "फळ उन्हानं गळलं. तू झोप."

बहनजी घरी आली. खाटेवर बसली, चहा घेतला नाही. हिंदीत म्हने, मौसी, माह्या हौसेपायी तुमचं काम गेलं, आता मी पोरीले कुठं नेत नाही. डोये पुसून राहिली होती.

मी लय थकली होती. मले तिचं रडनं पाहाची ताकत नव्हती. म्हटलं, "बाई, माहा बगीचा गेला तो गेला. आता तुमी नेनं बंद केलं त तो फुकटच गेला. दुसरी विहीर पाहा. मी येते सोबत."

तिनं पाह्यली दुसरी विहीर. पुढच्या साली दुसऱ्या पोरी होत्या. तिथल्या फाटकातही कोनीतरी विचारलंच. मी तेच सांगतलं, माह्या जबाबदारीवर आहेत. तिथं माहं काम नव्हतं, त मले कोनाले काढता येत नव्हतं.

मंग बहनजीची बदली झाली. किती पोरी इंजिनेर झाल्या मले माहीत नाही. एक झाली म्हनतात, भोपाळकडं असते. माही नाही झाली. गनितात एकदा नापास झाली, मंग पास झाली, मंग आय.टी.आय. केलं, वर्गात सारे पोट्टेच. आता पांढुर्न्याले असते, जावयाचं मोटर भरायचं, म्हनजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे. नाव जावयाचं, तार हिच्या हाताची. जळलेली मोटर लोक गाडीत घालून आनतात, बहाराचे दिवस असतात, झाडं सुकून राहिली असतात. आजच पाहिजे बाई, म्हनतात.

मी आता तिच्याकडंच राहते. गुडघ्यानं चालवत नाही, दारात खाट टाकून बसते. महिन्याचे चार दिवस असोत का नसोत, ती आत तार गुंडाळत बसली राहते. कोनी विचारलं त जबाबदारी माही म्हनायले मी दारातच आहे. अजून कोनी विचारलं नाही.