तारीख मागणारा वकील

कमलाकांत मेहेंदळे मूळचा वाईचा. मुंबईला कायद्याची परीक्षा देऊन तो साताऱ्याच्या कोर्टात उभा राहू लागला, तेव्हा तिथं पक्षकार कमी आणि वकील उदंड अशी गत होती. सकाळी काळा कोट घालून जायचं आणि संध्याकाळी तोच कोट हातावर टाकून परत यायचं. वर्ष असं गेलं तेव्हा मामा म्हणाले, "वऱ्हाडात जा. तिथं कापूस पिकतो तसे कज्जेही पिकतात." मामांची अमरावतीच्या बापूसाहेब आसेगावकर वकिलांशी ओळख होती. त्या ओळखीवर कमलाकांत बायकोला, अनसूयेला, घेऊन मनमाडमार्गे वऱ्हाडात उतरला. बडनेऱ्याला गाडी बदलताना अनसूयेनं विचारलं, "अजून किती लांब?" तो म्हणाला, "आलोच." पण तो दमलेला होता, आणि आपण कुठं आलो हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

बापूसाहेबांचा दबदबा मोठा. त्यांचं नाव वकीलपत्रावर असलं म्हणजे अर्धा दावा जिंकला, असं खेड्यापाड्यांतून मानत. त्यांच्या कचेरीत मुन्शी होते, दोघे-तिघे धाकटे वकील होते, आणि ओसरीवर सकाळपासून पागोट्यांची गर्दी असे. कमलाकांतनं तिथं वर्षभर कैफियती लिहिल्या आणि निवाडे शोधून दिले. अनसूयेनं अंबादेवीच्या देवळाच्या बाजूला दोन खोल्यांचं बिऱ्हाड लावलं, शेजारणींशी जमवून घेतलं. जरा कुठं जीव रमतो आहे तोच बापूसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"मेहेंदळे, अकोल्याची कामं वाढलीत. मला दर वेळी जाणं होत नाही. तिथं आपला एक माणूस कायमचा हवा. तुम्ही जा."

हा हुकूमच होता. घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा अनसूया तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "म्हणजे पुन्हा बांधाबांध," एवढंच म्हणाली.

अकोल्याला ताजनापेठेत त्यांना माडीवरची जागा मिळाली. खाली सरकीचं दुकान होतं. हंगामात कापसाचे बारीक तंतू जिन्यानं वर येत, भांड्यांवर बसत, भातातही सापडत. उन्हाळ्यात पत्रा तापला की दुपारी घरात बसवत नसे. अनसूया ओला पंचा डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसे आणि वाईच्या घाटावरच्या पाण्याचं नावही काढत नसे. ती नाव काढत नाही, हेच कमलाकांतला जास्त लागे.

पण त्याला खरा थकवा आणला तो कोर्टानं. अकोल्याला आपण दावे चालवू, असं त्याला वाटलं होतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळून चुकलं की आपलं काम वेगळंच आहे. दावे बापूसाहेबांच्या नावावर येत. पक्षकार बापूसाहेबांच्या तोंडाकडे बघून वकीलपत्र देत. सुनावणीचा दिवस उजाडला की बापूसाहेब अमरावतीच्या सेशन कोर्टात कुठल्या तरी खुनाच्या खटल्यात अडकलेले असत. मग पुकारा झाला की कमलाकांतनं उठायचं आणि म्हणायचं, "वादीचे वकील अमरावतीस गुंतले आहेत. मुदत मिळावी." समोरच्या वकिलालाही बहुधा घाई नसे. सबजज लिहून घेत, पुढली तारीख पडे, आणि कमलाकांत खाली बसे. कोर्टातले लोक त्याला तारीखवाले वकील म्हणू लागले. चिडवायला नव्हे, सहज म्हणत. एखाद्याला कापडवाले म्हणावं तसं.

कुरणखेडच्या पार्वताबाईचा दावा असाच चालला होता. पार्वताबाई विधवा, पोटी मूल नाही. नवरा वारल्यावर थोरला दीर महादेवराव म्हणाला की आपलं घर एकत्र होतं, शेत सगळं माझं, तू खाऊनपिऊन राहा. तिचं म्हणणं होतं की नवरा मरायच्या आधीच दोघे भाऊ वाटे करून वेगळे झाले होते, तेव्हा त्याच्या वाट्याचं शेत तिचं. वाटणी तोंडी झालेली. कागद नाही. घरातली भांडी नि बैल वाटून दिले तेव्हा शेजारचे म्हातारे खुशालराव मधे बसले होते, तेवढेच साक्षीदार.

दर तारखेला ती भावाच्या, जानरावाच्या, बैलगाडीतून यायची, कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाला पाठ लावून बसायची. खुशालरावही कधी बरोबर असायचे. मुदत मिळाली की कमलाकांत बाहेर येऊन सांगायचा, आणि ती फडक्यात बांधलेली भाकर तशीच उचलून परत निघायची. वाट बघता बघता ती त्याच्याशी बोलायची. चूल कुठल्या भिंतीशी घातली, कोणता बैल कोणाच्या दावणीला गेला, भांडणाच्या दिवशी जेवायला काय होतं, सगळं. कमलाकांत ऐकून घेई. दुसरं त्याला काही करण्यासारखं नव्हतं.

एका हिवाळ्यात ती एकटीच आली.

"खुशालराव नाही आले?" त्यानं विचारलं.

"नाही. गेले ते."

"कुठं गेले?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "वारले, वकीलसायेब. पंधरवडा झाला. छातीत कफ झाला होता."

कमलाकांत तिच्या शेजारी खांबापाशी उभा राहिला. आत शिरस्तेदार कुणाला तरी मोठ्यानं बोलत होते. म्हातारा दोनदा त्याच्या डोळ्यांसमोर साक्ष द्यायला येऊन बसला होता, आणि दोन्ही वेळा यानंच उठून मुदत मागितली होती. त्याही दिवशी बापूसाहेबांचा निरोप मुदत घेण्याचाच होता. त्यानं ती घेतली.

पुढच्या रविवारी तो मुद्दाम अमरावतीला गेला. बापूसाहेब ओसरीवर सुपारी कातरत होते.

"पार्वताबाईच्या दाव्यात तुम्ही एकदा यायलाच हवं," कमलाकांत म्हणाला. "मुख्य साक्षीदार वारला."

"अरेरे," बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "येतो. या खेपेला येतो."

ते आले नाहीत. सुनावणीच्या सकाळी त्यांचा माणूस स्टेशनावरून निरोप घेऊन आला की मुदत घ्यावी. कमलाकांत कोर्टात पोचला तेव्हा पार्वताबाई खांबाशी बसलेलीच होती. या वेळी जानरावही आला होता. तो उभ्या उभ्या म्हणाला, "मोठे वकील आले का?"

"नाही."

"मंग पुन्हा तारीख."

पार्वताबाईच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो शब्दन् शब्द त्याच्या लक्षात राहिला.

"तुमीच बोला ना. तुमी काहून नाही बोलत?"

"मी धाकटा वकील, बाई. दावा बापूसाहेबांचा आहे."

"दावा माहा आहे," ती म्हणाली. "अन् धाकट्याले का तोंड नसते? तुमाले तर सारं मालूम आहे. मी कवापासून तुमालेच सांगून राह्यली."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "खुशालराव नाहीत. मी बोललो तरी दावा हरण्याचा संभव आहे. समजून सांगा मला, चालेल तुम्हाला?"

तिनं भावाकडे पाहिलं. जानराव खाली बघत होता. "हरू," ती म्हणाली. "पण होऊन जाऊ द्या आता. माह्यानं येणं होत नाही."

पुकारा झाला. सबजजांनी सवयीनं लेखणी उचलली, पुढली तारीख लिहायला. कमलाकांत म्हणाला, "वादी तयार आहे." सबजजांनी मान वर केली. महादेवरावाच्या वकिलानं मागं वळून आपल्या पक्षकाराकडे पाहिलं. तोही तयारीनं आला नव्हता, त्याला वाटलं होतं नेहमीसारखं बाराच्या आत घरी जाऊ.

कमलाकांतचा पहिला अर्धा तास वाईट गेला. कागद मागंपुढं झाले, एका मुद्द्यावर समोरच्यानं हरकत घेतली आणि त्याला तो सोडून द्यावा लागला. मग पार्वताबाईची साक्ष झाली. ती व्हरांड्यात सांगायची तसंच तिनं सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. जानरावानंही ऐकीव ते सांगितलं. दुपारनंतर महादेवराव पिंजऱ्यात उभा राहिला. धिप्पाड माणूस, पण प्रश्न विचारला की टोपी काढून हातात घ्यायचा.

"चूल वेगळी झाली होती की नाही?" कमलाकांतनं विचारलं.

"झाली होती."

"का झाली?"

"बायांचं पटत नव्हतं. रोजची कटकट."

"बैल वाटून घेतले होते?"

महादेवरावानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "त्याच्याकडं एक जोडी बांधलेली राहे. पण पेरणी मिळूनच होये. शेत वाटलं नव्हतं, सायेब. मी देवाची आण घेऊन सांगतो."

कमलाकांतला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाही. निदान त्याला जे खरं वाटतं तेच तो बोलतो आहे. पार्वताबाईही खोटं बोलत नव्हती. दोघांच्या मधे काय झालं होतं ते ज्यानं पाहिलं, तो गेला होता. कमलाकांतनं आणखी विचारलं, कापूस कोण विकायचं, शेतसारा कोण भरायचं. उत्तरं कधी इकडची आली, कधी तिकडची. दिवे लागायच्या आधी भाषणं संपली. तो घरी गेला आणि कपडे न बदलता आडवा झाला. अनसूयेनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

निकाल आठवड्यानं लागला. चूल वेगळी म्हणजे वाटणी झाली असं नव्हे, आणि शेताचे वाटे झाल्याचा पुरावा नाही, असं सबजजांनी लिहिलं. शेत महादेवरावाकडे राहिलं. पार्वताबाईला सालाची पोटगी आणि राहत्या घरातल्या दोन खणांत मरेपर्यंत राहण्याचा हक्क मिळाला.

कमलाकांतनं तिला व्हरांड्यात सगळं समजावून सांगितलं. नागपूरला अपील करता येईल, हेही सांगितलं.

"नागपूरले पुन्हा तारखा राहतीन?"

"राहतील."

"मंग नको," ती म्हणाली. बराच वेळ ती समोरच्या लिंबाकडे बघत बसली. शेत गेल्याचं तिला वाईट वाटलंच होतं, तिचे ओठ हलत होते. शेवटी उठताना म्हणाली, "पोरगा बरा आहेस तू. आंदी बोलला असता तर बरं झालं असतं." एवढं बोलून ती भावाच्या मागं गाडीकडे गेली. त्या बोलण्यात दोष होता की माया, हे कमलाकांतला पुढं कैक वर्षं ठरवता आलं नाही.

अमरावतीला बापूसाहेबांनी त्याला समोर बसवलं. ते ओरडले नाहीत. "मेहेंदळे, लोक माझ्या नावावर येतात. माझ्या नावानं तुम्ही दावा हरलात."

"खुशालराव गेले तेव्हाच तो हरला होता," कमलाकांत म्हणाला.

बापूसाहेबांना ते झोंबलं. ते म्हणाले, "तुम्ही इकडंच या परत. माझ्या नजरेखाली राहा. दुसरा कुणी पाठवतो अकोल्याला."

तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलवायचं. कमलाकांतला अनसूया डोळ्यांपुढं दिसली, डब्यांवर झाकणं घट्ट बसवताना. आणि दिसलं की अकोल्याला जो दुसरा येईल, तो त्याच व्हरांड्यात उभा राहून तेच म्हणेल. "मी अकोल्यालाच राहीन म्हणतो," तो म्हणाला. "स्वतःच्या नावानं."

"उपाशी मराल."

"होय, तसंही होईल कदाचित."

उपाशी मेला नाही, पण पहिली दोन वर्षं हाल काढले. बापूसाहेबांकडची कामं बंद झाली, आणि शेत घालवलेल्या वकिलाकडे कोण येणार? तो भाडेचिठ्ठ्या लिहून देई, अर्ज करून देई, दुपारी बाररूममध्ये दुसऱ्यांची वर्तमानपत्रं वाचत बसे. अनसूयेनं खालच्या दुकानदाराच्या मुलींना शिवण शिकवायला घेतलं. वाईहून मामांनी विचारलं, परत येता का. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणीच उत्तर लिहिलं नाही. परत जाणं म्हणजेही पुन्हा बांधाबांधच होती.

मग एके दिवशी माडीचा जिना चढून महादेवराव आला. टोपी हातात होती. त्याचा शेजारच्या शेतकऱ्याशी पाण्याच्या पाटावरून तंटा लागला होता.

"मी तुमच्या विरुद्ध होतो, महादेवराव," कमलाकांत म्हणाला.

"होये. म्हणूनच आलो. तुमी त्या दिवशी उभे राह्यले. माहा वकील तर पाच साल तारखांले मान डोलवत होता, मलेही त्रास होता त्याचा."

कमलाकांतनं विचारलं, "पार्वताबाईची पोटगी पोचते का वेळेवर?"

"पोचते. खोटं वाटत असन तर कुरणखेडले येऊन पाहा."

तो रविवारी गेला. पार्वताबाई आपल्या दोन खणांत होती, अंगणात वाल निवडत होती. तिनं त्याला चहा दिला. पोटगी पोचत होती. शेताचा विषय दोघांनीही काढला नाही. परतताना गाडीत त्याला झोप लागली. घरी आल्यावर अनसूयेनं विचारलं, "घेणार का त्याचं काम?"

"घेतो," तो म्हणाला, आणि पाय धुवायला मोरीत गेला.